बेसबॉल म्हणजे ‘फुलटॉसचं क्रिकेट’? नियम तरी वाचा

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: ‘बेसबॉल म्हणजे डोकं बाजूला ठेवलेलं क्रिकेट. सगळे फुलटॉस, तीन चुकले की आऊट, लागला की आंधळेपणाने पळत सुटा. हातात सुपाएवढे ग्लोव्ह्ज. आणि होमरनला रन एकच!’ (होमरन म्हणजे साधारण आपला षटकार.) क्रिकेटवेडा मीही आहे, पण हे लिहिणाऱ्याने एक डावही नीट पाहिलेला दिसत नाही.

आधी फुलटॉस. टप्पा नसतो, कबूल. पण पिचर (तिथला गोलंदाज) १८.४४ मीटरवरून टाकतो आणि चेंडू हवेतच वळतो, ऐनवेळी खाली बसतो. २०१० मध्ये पिचर अरोल्डिस चॅपमनने ताशी सुमारे १७० किमी वेग गाठला. शोएब अख्तरचा २००३ मधला विक्रम १६१.३ चा. बॅट गोल, जाडजूड भागातही ६.६ सेंमी, आपली सपाट बॅट १०.८ सेंमी रुंद. शिवाय फटका समोरच्या चतकोरातच हवा. लेट कट, लेग ग्लान्स सगळे फाउल, आणि फाउल उडालेला झेलला तर बाद!

‘तीन चुकले की आऊट’ हे अर्धवट आहे, आणि खेळाची खरी गंमत नेमकी उरलेल्या अर्ध्यात. होम प्लेट, म्हणजे फलंदाजाशेजारी जमिनीत बसवलेली पाटी, ४३ सेंमी रुंद. तिच्यावरून, साधारण गुडघा ते छाती या पट्ट्यातून गेलेला चेंडू सोडला तरी स्ट्राइक, म्हणजे त्या तिनांतली एक चूक. बाहेरचा सोडला तर ‘बॉल’, आणि असे चार झाले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर (बेस म्हणजे धावताना गाठायची ठाणी; तिन्ही करून होम प्लेटला, म्हणजे ‘घरी’, परतलं की रन). बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवून चुकलात तर मात्र स्ट्राइकच. फाउलही स्ट्राइक धरतात, पण पहिले दोनच. तिसरा स्ट्राइक फाउलने होत नाही (बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच अडवला असेल तर होतो). त्यामुळे दोन स्ट्राइकवर चिवट फलंदाज आठ-दहा चेंडू नुसते फाउल करत पिचरला दमवतो. तीन बॉल, दोन स्ट्राइक झाले की पिचरला बाहेर टाकायची सोय नाही आणि फलंदाजाला सोडायची हिंमत नाही. माझ्या मते टी-ट्वेंटीच्या शेवटच्या षटकाइतकाच ताण, फक्त इथे तो डावात कितीदाही येतो.

पळण्याबद्दल. फेअर (समोरच्या चतकोरातला) फटका बसला की फलंदाजाला पळावंच लागतं, हे खरं. त्यामुळे पहिल्या बेसवरच्या धावपटूलाही जागा सोडावी लागते, आणि त्याला बाद करायला चेंडू हातात घेऊन दुसऱ्या बेसला पाय लावला तरी पुरतो. अशी सक्ती नसेल तर चेंडूने त्याला शिवावंच लागतं. पण फटका उंच उडाला तर? आंधळेपणाने पळालेला इथेच फसतो. झेल गेला की त्याला आपल्या बेसवर परतावं लागतं. त्याआधी चेंडू तिथे पोहोचला तर एका फटक्यात दोघे बाद. शहाणा बेसवर थांबतो, झेल होताच सुटतो. डावात बादच तीन होतात, म्हणून ही चूक महाग पडते.

ग्लोव्ह्जचा मुद्दा मान्य. झेल सोपे होतात.

होमरनला मात्र एकच रन नसतो. फलंदाजासह बेसवर असतील तेवढे सगळे घरी येतात, म्हणजे एक ते चार. चेंडू प्रेक्षकांत पडला तरी प्रत्येक बेसला क्रमाने पाय लावावाच लागतो. एखादा राहिला आणि समोरच्यांनी अपील केलं, तर होमरन मारूनही फलंदाज बाद.