वेगळ्या कंपनीच्या रॅमने मदरबोर्ड जळत नाही

नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने परवा रात्री फोन करून विचारले, "दादा, जुनी रॅम भंगारात द्यायची का?" तिच्या संगणकात रॅमची, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची, डीडीआर४ या पिढीची आठ जीबीची एक चांगली चालणारी पट्टी आहे आणि भाच्याच्या अभ्यासासाठी ती आणखी आठ जीबी घेणार होती. तेवढ्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश आला की, दोन कंपन्यांच्या रॅम एकत्र लावल्यास व्होल्टेजची टक्कर होऊन मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड, जळतो, वेग वेगळा असल्यास संगणक सुरूच होत नाही, क्षमता वेगळी असल्यास मोठी रॅम वाया जाते. म्हणून जुनी काढून नवी जोडीच घ्यावी. हा संदेश मी यापूर्वीही पाहिला होता आणि सोडून दिला होता. आता घरातल्याच माणसाला त्यापायी दुप्पट खर्च पडणार असेल, तर गप्प बसणे मला जमणार नाही.

मदरबोर्ड जळण्याची भीती यातली सर्वांत निराधार आहे. रॅमची पट्टी वीज निर्माण करत नाही, ती वीज घेते. डीडीआर४च्या सर्व पट्ट्यांना मदरबोर्ड एकाच पुरवठ्यातून वीज देतो, आणि ती किती द्यायची हे कंपनीच्या मर्जीवर नसते. मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने सप्टेंबर २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीडीआर४च्या मानकात ते व्होल्टेज १.२ व्होल्ट असे ठरवून दिलेले आहे. दोन्ही पट्ट्या एकाच मानकानुसार बनलेल्या असतील, तर टक्कर कशाची होणार? डीडीआर३ला १.५ व्होल्ट लागतात हे खरे, पण तिची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे ती डीडीआर४च्या स्लॉटमध्ये बसतच नाही. शिवाय ज्या 'कंपनी'चा एवढा बाऊ केला जातो, ती अनेकदा फक्त स्टिकरवर असते. आतल्या मेमरी चिप बहुतेक वेळा सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉन यांच्याच असतात. नुकसान होते ते संगणक चालू असताना पट्टी काढल्या-घातल्याने किंवा खाच न पाहता ती जोर लावून दाबल्याने, आणि नेमकी ही सूचना त्या संदेशात कुठेच नाही.

वेगाबद्दलचा दावाही टिकत नाही. प्रत्येक पट्टीवरच्या एका लहानशा चिपमध्ये तिचा वेग आणि टायमिंग (प्रतिसादाला लागणारा वेळ) नोंदवलेले असते. संगणक सुरू होताना बायोस हे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर ते वाचते आणि सर्वांना झेपेल असा वेग ठरवते. २६६६ वेगाची आणि ३२०० वेगाची पट्टी एकत्र लावली, तर दोन्ही साधारणपणे २६६६वर चालतात. नवी पट्टी लावल्यावर पडदा काळाच राहिला, तर आधी ती नीट बसली आहे का ते पाहावे आणि तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबरने पुसून घ्याव्यात. आपल्याकडे उन्हाळाभर कूलरची दमट हवा आणि धूळ त्यांवर बसत असते. क्षमतेचे म्हणाल, तर आठ आणि चार जीबी लावल्यास इंटेलच्या बहुतेक संगणकांत चार-चार जीबी दुहेरी चॅनेलवर, म्हणजे एकाच वेळी दोन मार्गांनी, चालते आणि उरलेले चार जीबी एकेरी चॅनेलवर. वाया काहीच जात नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. एक्सएमपी ही बायोसमधली वेग वाढवणारी सोय चालू करून रॅम मानकापेक्षा जास्त वेगाने पळवायची असेल, तर वेगवेगळ्या पट्ट्या अस्थिर होऊ शकतात आणि तिथे एकत्र तपासून विकलेली जोडी घेणेच बरे. क्वचित एखादी जोडी मूळ वेगालाही जुळत नाही. पण तसे झाल्यास संगणक अडकतो किंवा निळा पडदा येतो, मदरबोर्ड जळत नाही. सर्व्हरमधून काढलेली स्वस्त रजिस्टर्ड रॅम तेवढी घेऊ नये. ती घरच्या संगणकात चालत नाही.

बहिणीला मी सांगितले की, सीताबर्डीच्या बाजारातून एकच आठ जीबीची पट्टी घे आणि न जुळल्यास बदलून मिळेल असे बिलावर लिहून घे. ती लावल्यावर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवायचे आणि त्यात एक जरी चूक दिसली, तरी दुसऱ्याच दिवशी पट्टी परत न्यायची.