३७ मिनिटांचं कोल्हापूर

भाच्याने स्क्रीनशॉट पाठवला. मुंबई ते कोल्हापूर, अंतर ३०८ किलोमीटर, उड्डाणाला ३७ मिनिटं. खाली लिहिलंय, "मावशी, तू निघालीस की आईला कुकर लावायला सांगतो."

मी राहते ठाण्यात, घोडबंदर रोडवर कासारवडवलीला. ३७ मिनिटांत ठाण्यातलाच कापूरबावडीचा चौक गाठला तरी त्या दिवशी नारळ फोडेन.

तरी गेले विमानाने. आणि या वेळी बोर्डिंग पासच्या मागे वेळा लिहीत गेले, कारण आमच्याकडे या विषयावर दर दिवाळीला भांडण ठरलेलं. घर सोडलं १०:१५. विमानतळ १२. विमान पावणेदोनचं. ते जागेवरून हललं १:५५ ला आणि चार विमानांच्या मागे जाऊन उभं राहिलं. मागच्या सीटवरच्या काकू म्हणाल्या, "हे तर ठाण्याच्या माजिवड्याचं ट्रॅफिकच झालं की!" चाकं सुटली २:२० ला, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर टेकली ३:०३ ला. राजारामपुरीत माहेरच्या दारात ३:५०. म्हणजे हवेत ४३ मिनिटं, आणि दारापासून दारापर्यंत ५ तास ३५ मिनिटं. कुकर थंड.

३०८ हा आकडा खोटा नाही. नकाशावर दोन विमानतळांमध्ये दोरी ताणली की तेवढंच भरतं. आमचं पंख्यांचं एटीआर विमान ताशी साधारण ५०० किलोमीटरने जातं. भागाकार करा, ३७ आले. फक्त विमान काही दारातून सुटल्या सुटल्या ५०० ने पळत नाही. चढायचं, वळायचं, उतरताना रांगेत थांबायचं. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकदम काम चालत नाही. विमान कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. त्या तिकिटावर जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा वेळ छापतात, ब्लॉक टाइम म्हणतात त्याला. तो तासाच्या आसपास असतो. मी तिकिटावर विश्वास ठेवते, स्क्रीनशॉटवर नाही.

बरं, अंतर तरी कुठलं धरायचं? रस्त्याने पावणेचारशे. रेल्वेने सीएसएमटीपासून ५१८, कारण गाडी पुणे-सातारा करत थेट मिरजेपर्यंत जाते आणि तिथून पुन्हा पश्चिमेला वळून कोल्हापूरला येते.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून बेलापूरच्या नणंदेचा वेगळाच तोरा आहे. तिथून, म्हणजे उलव्याहून, दोरी ताणली तर वीसेक किलोमीटर कमी भरतात, हे तिने मला दोनदा ऐकवलंय. हो गं बाई, पण मी घोडबंदरहून उलव्याला येणार कशी, ते कोण मोजणार?

माझा राग विमानावर नाही. आईचा मणका दुखायला लागल्यापासून तिला ठाण्याला आणायचं तर विमानानेच आणतो. गाडीत सात तास बसणं तिच्याच्याने होत नाही. आणि तिला ते आवडतंही. पर्स मांडीवर घट्ट धरून, खिडकीतून फिरणाऱ्या पंख्याकडे बघत बसते. मागच्या खेपेला उतरताना म्हणाली, "एवढ्यात थांबला पण?" तिला घोडबंदर अजून बाकी आहे हे सांगवेना.

मी मात्र परतीचं तिकीट महालक्ष्मी एक्स्प्रेसचं काढलंय. ५१८ तर ५१८. बहिणीकडे जेवून बसायचं, सकाळी कल्याणला उतरायचं. खालचा बर्थ मिळालाय.