केसाने गळा ओला

लहानपणी वरणात एक केस निघाला म्हणून आजीने अख्खं पातेलं गाईपुढे ठेवलेलं मी पाहिलं आहे. त्याच घराण्यातला मी गेल्या ऑगस्टात रोज सकाळी मूठभर केसांचा काढा स्टीलच्या पेल्यातून पीत होतो.

आग पुण्याच्या मेहुणीने लावली. तिचा मुलगा कोरियात असतो. तिकडे मक्याच्या केसांचा चहा बाटल्यांतून विकतात आणि त्याचं नावच 'मक्याच्या दाढीचा चहा' असं आहे. "भाऊजी, लघवी साफ होते, सूज उतरते," ती फोनवर म्हणाली. ती सूज नाही, पोट आहे, हे मी सांगेपर्यंत फोन बायकोच्या हातात गेला होता.

पावसाळ्यात आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठाने भुट्टेवाल्यांच्या शेगड्या लागतात. एका मावशीच्या पायाशी सोललेल्या पानांचा आणि केसांचा ढीग पडला होता.

"मावशी, हे केस देता काय?"

"काय करता जी त्याचं?"

मी पुटपुटलो, "घरी पाहिजेत."

तिने माझ्या टकलाकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं. "लावाले पाह्यजे काय? न्या, न्या. पन दोन भुट्टे घ्या पह्यले."

दोन भुट्टे खाल्ले, निंबू-तिखट चोळून. या साऱ्या उपचारात मला गुण आला असेल तर तो एवढाच.

केस धुवायचे, तपकिरी पडलेली टोकं खुडायची आणि सावलीत वाळवायचे. नागपुरात मे महिन्यात माणूसही तासाभरात वाळतो, पण ऑगस्टात पापड सादळतात. तीन दिवस झाले तरी केस ओलेच. शेवटी बायकोने ते पेपरवर पसरून पंख्याखाली ठेवले आणि मुलाने येऊन पंखा पाचवर केला. त्यानंतर केस देवघरात सापडले, मिक्सरमध्ये सापडले, माझ्या इस्त्रीच्या शर्टांवरही सापडले. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी माझ्या खांद्यावरून एक लांबसडक सोनेरी केस दोन बोटांनी उचलला, उजेडात धरला आणि काही न बोलता फायलीत डोकं घातलं. आता 'मक्याचा आहे' हे कोणत्या तोंडाने सांगणार? खरं तेच सांगितलं असतं तर प्रकरण जास्त बिघडलं असतं.

शेजारचा पोरगा महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात शिकतो. त्याला वाटलं, काकांना विषयात रस आहे. "काका, हे केस नाहीतच, मादी फुलाचे धागे आहेत. एका दाण्याला एक धागा. त्यावर पराग पडला तरच आत दाणा भरतो. म्हणून कणसात मधेच बोळके राहतात ना, तिथला धागा कोरडा राहिलेला असतो." म्हणजे एका पेल्यात मी पाचशेच्या वर दाण्यांची नाळ उकळून पीत होतो. मला मळमळलं. बायकोला मात्र बळ आलं. "अहो, केशर म्हणजे तरी काय असतं? फुलातलं तेच! ते तुम्ही ग्रॅमवर आणता न् हे फुकट आहे म्हणून तोंड वाकडं."

चव? भुट्टे उकडून काढल्यावर कुकरात जे फिकट पिवळं पाणी उरतं, ते. आपण ते पिढ्यान्‌पिढ्या मोरीत ओतत आलो.

पाचव्या दिवशी एका मित्राला विमानतळावर सोडून परत येत होतो. वर्धा रोडचा दुमजली पूल ३.१४ किलोमीटरचा आहे, २०२२ साली गिनीज बुकात गेला. मी चढलो आणि पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला. वर मेट्रो, खाली रस्ता, मधल्या मजल्यावर मी आणि सकाळचे दोन पेले. खाली असतो तर एखाद्या झाडाचा आडोसा तरी होता. पुलावर झाडं नसतात. मागचा हॉर्न वाजवत होता, "का बे, झोपला का?" झोप! मी डाव्या पायावर उजवा पाय दाबून, डोळे मिटून, सतराचा पाढा म्हणत होतो. गिनीजवाल्यांनी तो पूल कसा मोजला मला माहीत नाही, मी इंचाइंचाने मोजला. अजनीकडे उतरल्यावर पहिल्या पेट्रोल पंपावर गाडी आडवी लावून पळालो. पंपावरचा पोरगा ओरडला, "पेट्रोल का डिझेल?"

डॉक्टर माझ्यावरच भडकले. "तुमच्या बीपीच्या गोळीतच लघवीचं औषध आहे, त्यावर हा काढा? चक्कर येऊन पडला असता. कोणी सांगितलं?" बायको भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

माझा चहा बंद झाला. बायकोचा आणि आईचा सुरू आहे, कारण दोघींना बीपी नाही, ते त्यांनी मला दिलं आहे. परवा आईच्या पेल्यात एक धागा निघाला. काळाभोर, वीतभर. आईने तो बोटाला गुंडाळून वर धरला. आजीचं पातेलं मला आठवलं.

"वाळल्यावर काळा पडतो तो," बायको म्हणाली आणि अंबाडा घट्ट करत आत गेली.

दोघींपैकी आईचे केस पांढरे. मी टोपी काढून ठेवली आणि पेपर वाचू लागलो.