पेट्रोलने म्हणे छताचा गोंद निघतो!

परवा रात्री सोलापूरहून दाजींचा फोन. "अरे, अर्धा लिटर पेट्रोल पुरेल ना रे?" कशाला, तर त्यांच्या जुन्या हॅचबॅकच्या छताचं कापड लोंबायला लागलंय आणि ग्रुपवर 'गॅरेजवाले लपवतात तो उपाय' आलाय. कापड सोला, फडक्याने पेट्रोल चोळा, जुना गोंद पाच मिनिटांत साफ. राहिलाच तर सँडपेपर. मग फेविकॉल. कापड ज्यावर चिकटवलेलं असतं तो छताचा बोर्ड काढायची गरज नाही. आणि काचा बंद ठेवा, म्हणजे पेट्रोल लगेच उडून जाणार नाही!

त्या काचांचंच आधी बोलू. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचे आकडे आहेत: पेट्रोल उणे ४३ अंशांलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि हवेत ती १.४ टक्के झाली की ठिणगी पुरते. छोट्या गाडीत धरा ३,००० लिटर हवा. त्याचे १.४ टक्के म्हणजे ४२ लिटर वाफ. एक लिटर पेट्रोलची वाफ होते साधारण १७५ लिटर. करा हिशोब: पाव लिटर झालं की काम तमाम, आणि दाजी अर्धा लिटर घेऊन बसलेत. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, सीटखाली साचणार, तिथे तर आणखी लवकर. ठिणगी कुठून येणार म्हणता? सिंथेटिक कापडावर फडकं घासताय, स्थिर वीज तिथेच तयार होते. दार उघडलं की लागणारा दिवा आहेच.

पेट्रोलने गोंद विरघळतो, हे खरं. उघड्यावर, नुसत्या पत्र्यावर लोक वापरतातही. पण छताला बहुतेक वेळा गोंदाचा आजारच नसतो. कापड जरा ओढून आत बोट फिरवा, बेसनासारखी पिवळी चिकट पूड हाताला लागेल. तो कापडामागचा फोम, वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि दमटपणाने कुजलेला. त्यावर पेट्रोल घातलं की चिखल होतो आणि बोर्डात मुरतो. कोरड्या मऊ ब्रशने तीच पूड भुरुभुरु पडते. खाली गोंदाचा जो थर घट्ट बसलाय तो बसू द्या, तो कोणाचं काही खात नाही.

सँडपेपर? पुष्कळ बोर्डांत काचतंतू असतात, घासा आणि आठवडाभर खाजवत बसा. पांढरा फेविकॉल लाकडाचा, कापडातून झिरपून डाग पडतात. छतासाठी उष्णता सोसणारा स्प्रे गोंद वेगळा मिळतो. बोर्ड मात्र काढावाच लागतो, आणि छताच्या कडेला पडदा एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर ते काम मेकॅनिकचं.

दाजींना सांगितलंय, बाटलीतलं पेट्रोल बुलेटमध्ये परत ओता. रविवारी ब्रश आणि मास्क घेऊन मी येतो.