समजते, कळते, बोलले जाते

बाबांचा विश्वास छापील शब्दावर, आईचा टीव्हीवर आणि माझा कशावरच नाही, हे मी पूर्वी मोठ्या ऐटीत सांगायचो.

नोव्हेंबर २०१६. नोटाबंदी जाहीर झाली आणि टीव्हीवर बातमी आली, की दोन हजाराच्या नव्या नोटेत चिप आहे. जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला कळणार! चार तास रांगेत उभं राहून मिळवलेली आमची एकुलती एक गुलाबी नोट आईने तांदळाच्या डब्यातून काढून देव्हाऱ्यात ठेवली. वरून सगळं दिसतंय म्हटल्यावर जरा बरी जागा नको? असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सांगितलं. पण खुलाशाला पार्श्वसंगीत नसतं, त्यामुळे तो आमच्या घरापर्यंत पोचलाच नाही.

त्याच आठवड्यात मीठ संपणार अशी आवई उठली. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. आई पाच किलो मीठ घेऊन आली, तेव्हा मी तिला खिडकीतून मिठागर दाखवलं.

"आणि ते संपलं तर?" आई म्हणाली.

तेव्हापासून मी बातमीचं क्रियापद आधी बघतो. 'म्हणाले' असेल तर निदान एक माणूस हाती लागतो. 'समजते' असेल तर कोणाला, ते समजत नाही. 'बोलले जाते' म्हणजे वार्ताहर आणि छायाचित्रकार, चहाच्या टपरीवर. मथळ्यात प्रश्नचिन्ह असेल तर त्यांनाच ठाऊक नाही, मला विचारतायत. 'सूत्रां'चं विचारू नका. बाबा गणिताचे मास्तर होते, त्यांना अजून वाटतं की सूत्र म्हटलं की सिद्धताही द्यावी लागते.

गेल्या बुधवारी चौथ्या पानावर, निधनवार्तांच्या खाली, चार ओळी होत्या: जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे गुरुवारी सकाळी पाणीपुरवठा बंद राहण्याची शक्यता. 'शक्यता' माझ्या यादीत सगळ्यात तळाला. मी ढुंकून पाहिलं नाही.

गुरुवारी अंगभर साबण लावला आणि नळाने एकदा खाकरून मौन धरलं. डोळे मिटूनच मी बाबांना हाक मारली.

दाराबाहेर पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग बाबा, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "स्वयंपाकघरात दोन बादल्या भरून ठेवल्या आहेत, असे समजते."