जोडीने शिकलेला विद्यार्थी कच्चा राहतो का?

इंदूरच्या मराठी पालकांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. त्यानुसार, पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगला मुलांना जोड्यांत बसवले की एक राबतो आणि दुसरा आयते गुण घेतो, नक्कल बोकाळते, हुशार मुलाचा वेळ जातो आणि परीक्षेत एकटे बसल्यावर दोघांचे पितळ उघडे पडते.

परीक्षेचा मुद्दा आधी घेतो, कारण तो तपासला गेलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील संस्थेत मॅकडॉवेल, वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या तुलनेत जोडीने प्रोग्रॅम लिहिणारे विद्यार्थी अंतिम परीक्षेपर्यंत अधिक प्रमाणात टिकले आणि ती परीक्षा प्रत्येकाने एकट्याने देऊनही ते मागे पडले नाहीत. एरवी गळून गेले असते असे विद्यार्थी धरूनही सरासरी घसरली नाही, हे विशेष.

आयत्या गुणांची तक्रार अगदीच खोटी नाही. मात्र संगणक कमी म्हणून एकासमोर तिघांना बसवणे, जे आपल्याकडे सर्रास चालते, ती ही पद्धत नव्हे. हिच्यात कीबोर्ड एकाकडे असतो, दुसरा प्रत्येक ओळ तपासत पुढची दिशा सुचवतो आणि ठराविक वेळाने दोघांना जागा बदलाव्याच लागतात.

नक्कल तयार उत्तराची होते, कारणाची नाही. फळ्यावर ‘अ = 5, ब = अ, अ = 7’ अशा तीन ओळी लिहून शेवटी ‘ब’ किती, असे विचारले, तर गणिताच्या सवयीने काही नवखे 7 म्हणतात, कारण बरोबरच्या चिन्हाने दोन्ही नावे कायमची बांधली गेली असे त्यांना वाटते. खरे उत्तर 5, कारण प्रोग्रॅममध्ये ते चिन्ह ‘अ’ची त्या क्षणीची किंमत ‘ब’मध्ये फक्त उतरवून ठेवते. अशा प्रश्नावर प्रत्येकाने आधी स्वतःचे उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे, ही रीत एरिक माझूर यांनी 1991 पासून हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच सॅन डिएगो येथील संस्थेत संगणकशास्त्राच्या चार अभ्यासक्रमांत ती वापरल्यावर नापासांचे सरासरी प्रमाण सुमारे 20 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आले, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले.

हुशार मुलाबद्दलची काळजी मला अर्धीच पटते. दोघांच्या तयारीत फार अंतर असेल, तर पुढचा वैतागतो आणि मागचा गप्प बसतो. तेव्हा जोड्या जवळपास सारख्या तयारीच्या असाव्यात आणि गुण देण्यापूर्वी शिक्षकाने दोघांपैकी कोणालाही कोणतीही ओळ समजावून सांगायला लावावी.