कागदावरचं गोल भोक म्हणजे ट्यूनिंग नव्हे

मुंबईतल्या तिरंदाजांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं आणि केबल असलेलं) कारखान्यातूनच ट्यून होऊन, म्हणजे बाण सरळ सुटेल असं जुळवून येतं; बाण हलक्यात हलका घ्या; जवळून बाण मारून कागदात गोल भोक पडलं की शिकारीचं पातंही (बाणाचं रुंद, धारदार टोक) तिथेच लागणार; आणि हात साफ करायला कर्जत-कसाऱ्याकडची रानडुकरं आहेतच. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

कारखान्यातून धनुष्य ठरावीक मापात येतं, तुम्ही दोरी किती मागे ओढता त्या मापात नाही. शिवाय दोऱ्या आणि केबल वापरात ताणल्या जातात. मग दोन कॅमच्या (टोकांवरच्या चाकांच्या) धनुष्यात वरचा-खालचा कॅम एकाच वेळी थांब्याला, म्हणजे ओढ जिथे अडते तिथे, टेकत नाहीत आणि बाण वरखाली होतो. उष्णतेने हे ताणणं वाढतं, म्हणून मे महिन्यात धनुष्य बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका, ते वेगळं सांगायला नको.

हलक्या बाणाचं खूळ जाहिरातीतल्या वेगामुळे आलंय. तो वेग बहुधा ७० पौंड ओढ (दोरी ओढायला लागणारा जोर), ३० इंच ड्रॉ (दोरी मागे नेण्याचं माप) आणि ३५० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) बाणावर मोजतात, म्हणजे पौंडाला ५ ग्रेन. त्याहून हलका बाण लावलात तर उरलेली ऊर्जा दोरी, कॅम आणि लिंब (धनुष्याच्या लवचिक भुजा) सोसतात. बाण न लावता दोरी सोडण्याच्या दिशेने हे पाऊल आहे. जड बाण सावकाश जातो, पण त्याच धनुष्याची ऊर्जा जास्त घेऊन जातो. आणि स्पाइन, म्हणजे बाणाचा कडकपणा? ५०० लिहिलेला बाण २८ इंचांच्या आधारांवर ठेवून मधोमध ८८० ग्रॅम टांगले की अर्धा इंच वाकतो. टोक जड केलं, बाण लांब ठेवला किंवा ओढ वाढवली की तोच बाण आणखी नरम वागतो. मित्राचे बाण उसने घेऊन ट्यूनिंग होत नाही, ते यामुळे.

आता कागद. कागद काही फुटांवर असतो. तिथे बाणाची शेपूट वर फाडत असेल तर नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) खाली घ्या किंवा रेस्ट (बाण टेकवायचा आधार) वर करा, एवढं तो नीट सांगतो. पण सुईसारखं साधं टोक बाणाचा थोडा तिरपेपणा पिसांवर सोपवून सुटतं. रुंद पात्याचं टोक पुढे पंखासारखं काम करतं आणि तोच तिरपेपणा २०-३० यार्डांवर मोठा करून दाखवतं. म्हणून दोन्ही टोकं, सारख्या वजनाची, एकाच लक्ष्यावर मारून पाहायची. पातं डावीकडे लागलं तर रेस्ट उजवीकडे, एका वेळी मिलिमीटरहूनही कमी. ज्या अमेरिकी राज्यांत धनुष्याने हरणाच्या शिकारीचा परवाना मिळतो, तिथे या कामात चुकलेला बाण जनावराला मारत नाही, जखमी करून पळवतो. मला संदेशाचा खरा राग याचा आहे.

रानडुकराबद्दल तर वादच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीविना त्याची शिकार गुन्हा आहे. तो संदेश पुढे पाठवलेल्यांनी ग्रुपवरून तो काढून टाकावा.